कैलास कोरणाऱ्यांच्या भूमीत कलाव्यवहाराचे शिक्षण कधी?

खुलताबाद तालुक्यासारखा तालुका भारतात विरळाच. वेरूळच्या एकाच डोंगरात बौद्ध, हिंदू आणि जैन अशा तिन्ही परंपरांची चौतीस लेणी आहेत. आठव्या शतकात राष्ट्रकूट नृपती कृष्ण पहिला याच्या काळात शिल्पींनी शिखरापासून पायथ्याकडे खडक कोरत नेऊन अखंड कैलास उभा केला. लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग आहे. त्याच्या आजच्या मंदिरामागे पुण्यश्लोक अहल्याबाई होळकरांचे कर्तृत्व उभे आहे. वेरूळची पाटीलकी भोसले घराण्याकडे होती, आणि खुलताबाद गावात शयनस्थितीतील भद्रा मारुतीच्या दर्शनाला श्रावणात रस्ते माणसांनी फुलून जातात. युनेस्कोने १९८३ साली वेरूळला जागतिक वारशाचा दर्जा दिला. एवढे वैभव अंगणात असताना या तालुक्यातील पदवीधर तरुणाला या वैभवाचा शास्त्रशुद्ध व्यवहार शिकायचा असेल, तर त्याने कोठे जावे?

या प्रश्नाचे आजचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. त्याला लंडनचा रस्ता दाखवला जातो. लंडन विद्यापीठाच्या ‘सोआस’ या संस्थेत जागतिक सर्जनशील आणि सांस्कृतिक उद्योग या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. ही संस्था १९१६ साली स्थापन झाली ती मुख्यतः साम्राज्याच्या अधिकाऱ्यांना पूर्वेकडील भाषा व चालीरीती शिकवण्यासाठी. ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांची संस्कृती समजून घेण्याची निकड राज्यकर्त्यांना होती. आज त्याच संस्थेत आपल्या मुलांनी लाखो रुपयांचे कर्ज काढून स्वतःच्या संस्कृतीच्या बाजारपेठेचे पाठ घ्यावेत, हा काळाचा विलक्षण फेरा आहे. त्यात त्या मुलांचा दोष नाही आणि त्या संस्थेचाही नाही. घरचे दार बंद असेल तर विद्यार्थी जेथे ज्ञान मिळेल तेथे जाणारच.

हा विषय नेमका काय आहे, हे आपल्या मध्यमवर्गीय घरांतून नीट समजून घेतले पाहिजे. हे चित्रकला, नाट्य वा संगीत यांचे शिक्षण नव्हे. कलाकृती निर्माण झाल्यानंतर तिचे पुढे काय होते, याचा हा अभ्यास आहे. तिचा हक्क कोणाकडे राहतो, तिला भांडवल कोण पुरवतो, ती कोणत्या बाजारात कोणत्या नावाने विकली जाते, नफ्याचा वाटा कारागिरापर्यंत किती पोहोचतो, शासनाचे धोरण काय असावे, हे त्यातले प्रश्न. ब्रिटनने १९९८ साली या व्यवसायांची पद्धतशीर मोजदाद करून जाहिरात, वास्तुकला, चित्रपट, संगीत, प्रकाशन, संगणकीय खेळ अशा क्षेत्रांना एका छत्राखाली आणले आणि त्यावर राष्ट्रीय धोरण बेतले. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक संस्थेच्या अहवालानुसार २०२२ साली जगातील सर्जनशील सेवांची निर्यात सुमारे १.४ लाख कोटी डॉलरवर गेली होती. ज्यांनी हा अभ्यास आधी केला, त्यांनी बाजाराचे नियमही आधी लिहिले.

अभ्यासाच्या अभावी काय होते, याचा धडा महाराष्ट्राने अलीकडेच घेतला. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेशी थेट साम्य असलेली पादत्राणे झळकली. कोल्हापूरचा उल्लेख मात्र कोठेच नव्हता. महाराष्ट्रात संताप उसळला. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे, मग असे झालेच कसे, असा प्रश्न घरोघर विचारला गेला. उत्तर कायद्यातच आहे. भौगोलिक निर्देशांक प्रामुख्याने नावाचे रक्षण करतो. नाव न वापरता केवळ घाट उचलला, तर त्याची ढाल तोकडी पडते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये यासंबंधीची जनहित याचिका फेटाळताना, दाद मागण्याचा अधिकार नोंदणीकृत हक्कधारकांचा आहे, असे स्पष्ट केले. हे हक्कधारक म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळे. कंपनीने पुढे प्रेरणास्थान मान्य केले आणि वर्षअखेरीस या दोन्ही महामंडळांशी करार करून येथील कारागिरांकडून मर्यादित संख्येत पादत्राणे बनवून घेण्याचे ठरवले. संतापाने प्रश्नाला वाचा फुटली, हे खरे. परंतु तो वाटाघाटीच्या मेजावर सुटला. त्या मेजावर बसून कलम, करार आणि किंमत या तिन्हींची भाषा बोलू शकणारी किती माणसे आपण घडवली आहेत?

याच तालुक्यातील कागजीपुऱ्याकडे पाहावे. दौलताबादेजवळच्या या गावात हातकागदाची परंपरा आहे आणि तिचे मूळ चौदाव्या शतकापर्यंत नेले जाते. चिंध्यांचा लगदा करून, चाळणीवर एकेक ताव उचलून कागद करणारी कागजी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या कामावर जगली. गिरणीचा कागद आला आणि हा व्यवसाय आकसत गेला. आज जगभर हातकागदाला चित्रकार, ग्रंथसंवर्धक आणि लग्नपत्रिकांचे व्यावसायिक चांगली किंमत देतात. कारागीर आणि हे ग्राहक यांच्यामधला पूल बांधणारा मनुष्य मात्र गावात नाही. पैठणची गोष्ट याहून वेगळी नाही. पैठणीला २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. पण खऱ्या मागावरची पैठणी आणि यंत्रावरची नक्कल यांतला फरक ओळखू शकणारा ग्राहक घडवण्याचे काम अजून अपुरे आहे. विणकराचा मुलगा माग सोडून शहरात पहारेकऱ्याची नोकरी पत्करतो, तेव्हा एक संपूर्ण ज्ञानशाखा मुकाट्याने संपत असते.

ज्ञानाची नोंद आणि ताबा परक्या हाती गेला की काय होते, हे अजिंठ्याने दाखवले आहे. जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. हात भारतीय विद्यार्थ्यांचे होते. चित्रे लंडनला गेली, अनेक तेथील आगीत जळाली आणि उरलेली आजही तेथील संग्रहालयात आहेत.

याच्या अगदी उलट आदर्शही महाराष्ट्रानेच घालून दिला आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली लंडनला गेले, ते विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून. तेथे त्यांनी चित्रपटनिर्मितीचे तंत्र अल्पावधीत आत्मसात केले, कॅमेरा आणि यंत्रसामग्री घेतली व ते परतले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. विद्या परदेशी होती, विषय आणि हात स्वदेशी होते. पुढे १९१४ मध्ये विलायतेत राहून चित्रपट काढण्याचे प्रस्ताव आले असता त्यांनी ते नाकारले. दादासाहेबांच्या अखेरच्या दिवसांतील विपन्नावस्थाही विसरता कामा नये. निर्मितीचा महामेरू असलेल्या या पुरुषाला व्यवसायाच्या भागीदारीत टिकता आले नाही. कलेला प्रतिभा लागते, तसेच तिला व्यवहाराचे शास्त्रही लागते.

शासनस्तरावर काही आश्वासक पावले पडत आहेत. मुंबईत २०२५ मध्ये भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. जे. जे. कलाशाळेला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. परंतु या साऱ्यांचे केंद्र मुंबईच आहे, आणि भर प्रामुख्याने तंत्रावर किंवा कलाकौशल्यावर आहे. मराठवाड्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे नाट्यशास्त्र आणि पर्यटन यांचे विभाग आहेत, इतिहासाची परंपरा आहे. यांना वाणिज्य आणि विधी शाखांची जोड देऊन सांस्कृतिक उद्योगांचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला, तर त्याची प्रयोगशाळा वेरूळ, पैठण, अजिंठा आणि कागजीपुरा येथे आयती उभी आहे. लेण्यांत मार्गदर्शन करणाऱ्या तरुणाला मूर्तिशास्त्राबरोबर प्रकाशन आणि परवान्यांचा कायदा कळावा. विद्यार्थ्याने एक सत्र कारागिराच्या घरी बसून त्याचा हिशेब लिहावा. आणि हे सारे मराठीतून शिकता यावे. इंग्रजी जगाशी बोलण्यासाठी हवीच, पण मागावरच्या माणसाशी बोलायला मराठीच लागते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. संस्कृती हा केवळ माल नव्हे. घृष्णेश्वराचा गाभारा आणि त्याबाहेरचे दुकान यांतली सीमारेषा पुसली गेली, तर उद्योग वाढेल आणि श्रद्धा आटेल. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत ही सीमा सहसा शिकवली जात नाही. म्हणून तर हा अभ्यास येथे, या मातीत व्हायला हवा. कशाला मोल लावावे आणि कशाला लावू नये, हा विवेक ज्याला आहे, तोच परंपरेचा खरा व्यवस्थापक होऊ शकतो.

शेवटचा प्रश्न समाजाचा आहे. मुलगा अभियंता व्हावा, मुलगी डॉक्टर व्हावी, या चाकोरीतून मध्यमवर्ग अद्याप पुरता बाहेर पडलेला नाही. वारशाचा अभिमान भाषणांत दुमदुमतो आणि त्या वारशाचे शिक्षण घेऊ म्हणणाऱ्या मुलाला ‘पोटाचे काय?’ असे विचारले जाते. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील कारागिरांची साधी नोंदवही करण्यापासून आरंभ करावा. पालकांनी कलाव्यवहाराकडे वळू पाहणाऱ्या पाल्याला बळ द्यावे. विद्यापीठाने अभ्यासमंडळ नेमावे. कैलास कोरणाऱ्या शिल्पींनी छिन्नीचा पहिला घाव शिखरावर घातला, पण पायथ्याची आखणी त्यांच्या मनात आधीच पक्की झालेली होती. आपल्या वारशाचे शिखर तर सर्वांना दिसते आहे. त्याला पायथा देणारी आखणी या पिढीने करायची आहे.