भेट की उतारा?

दिवाळी जवळ आली की मध्यमवर्गीय घरांतील माळे उपसले जातात. मुलांना तोकडे झालेले कपडे, चावी हरवलेल्या मोटारी, अर्धवट रंगवलेली चित्रांची पुस्तके यांचे ढीग निघतात, आणि मग ते कोणा 'गरजू' मुलांना वाटण्याचे कार्यक्रम ठरतात. शहरांतील वस्त्या, वीटभट्ट्या, ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या ही या कार्यक्रमांची नेहमीची ठिकाणे. आपले अनेक कार्यकर्ते त्यांत मनापासून राबतात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे कृती आपोआप शुद्ध होत नाही, आणि मुलाला जुनी वस्तू कशी द्यावी हा वरवर किरकोळ दिसणारा प्रश्न वस्तुतः माणसामाणसांतील नात्याचा प्रश्न आहे.

आपल्याकडे उतारा टाकण्याची एक रूढी आहे. आपल्या घरची पीडा एखाद्या वस्तूवर उतरवायची आणि ती वस्तू तिकाटण्यावर ठेवून मागे न पाहता परतायचे. ती पुढे कोणाच्या पायाखाली येते, याच्याशी टाकणाऱ्याला कर्तव्य नसते. जुन्या वस्तूंचे पुष्कळसे वाटप या जातीचे असते. ज्याला अडगळ नकोशी झाली आहे त्याची सोय हे त्याचे खरे प्रयोजन, घेणाऱ्या मुलाची गरज हे निमित्त. म्हणून प्रत्येक वाटपाच्या वेळी स्वतःला एक प्रश्न विचारावा : आपण भेट देत आहोत की उतारा टाकत आहोत?

या प्रश्नावर आपल्यातीलच काही मित्र एक सोपे उत्तर देतात. ते म्हणतात, जुने देणे हाच मुळात अपमान. द्यायचे तर नवे द्या, नाहीतर देऊ नका. हे मत मला मान्य नाही. वस्तू नवी असणे आणि ती भेट असणे यांचा परस्परांशी काही संबंध नाही. लग्नकार्यातील फिरता आहेर आठवा. तोच खण, तेच ब्लाउजपीस, घडीही न मोडता एका घरातून दुसऱ्या घरात वर्षानुवर्षे प्रवास करते. वस्तू कोरी असते, पण तिच्यात कोणी कोणाचा विचार केलेला नसतो. याउलट नव्या जन्मलेल्या बाळाला आपण प्रथम कशात गुंडाळतो? आजीच्या वापरून मऊ झालेल्या लुगड्याच्या दुपट्यात. घरातल्या जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात, थोरल्याचा सदरा बेतून धाकट्याला होतो, गेल्या वर्षीच्या पुस्तकाला खाकी कव्हर आणि नव्या नावाची चिठ्ठी लागते. यांत कोणालाही कमीपणा वाटत नाही. कारण कोणीतरी ते धुतलेले, उसवलेले, शिवलेले, त्या विशिष्ट देहाला बेतलेले असते. जुन्या वस्तूला भेट करतात ते हे श्रम.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला याचा प्रत्यय अनपेक्षित ठिकाणी येतो. १९९३ मध्ये जोएल वाल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांना नाताळात मिळालेल्या भेटींविषयी प्रश्न विचारले. देणाऱ्याने मोजलेली किंमत आणि घेणाऱ्याच्या लेखी त्या वस्तूचे असलेले मोल यांत एकदशांशापासून एकतृतीयांशापर्यंत तूट त्याला आढळली. मित्रांच्या भेटींत ही तूट कमी आणि दूरच्या वडीलधाऱ्यांच्या भेटींत जास्त होती. त्यावरून काही पंडितांनी भेटीऐवजी रोख रक्कम द्यावी असा निष्कर्ष काढला. मी त्यातून निराळा बोध घेतो. नव्या कोऱ्या वस्तूचेही मोल घेणाऱ्याविषयीच्या अज्ञानामुळे घटते. तर मग जुन्या वस्तूचे मोल त्याच्याविषयीच्या ज्ञानाने वाढू का नये?

तथापि केवळ श्रम आणि ज्ञान पुरेसे नाहीत. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात दाखवून दिले की भेट ही कधीही निर्हेतुक नसते. देणे, स्वीकारणे आणि परत करणे अशी तिची त्रिविध बांधिलकी असते. ज्याला परत करता येत नाही तो देणाऱ्याच्या खाली जातो. एकाच वर्गातील दोन कुटुंबांत आज तुमचा सदरा आमच्याकडे, उद्या आमची सायकल तुमच्याकडे, असा हिशेब आपोआप चुकता होतो. वीटभट्टीवरच्या मुलाला तो चुकता करण्याची वाटच नसते. त्यातच त्याला मंचावर बोलावून, फलकासमोर उभे करून, पाहुण्यांच्या हस्ते पुडके देऊन छायाचित्र काढले की ते ऋण सार्वजनिक होते. लाज ही काही हळव्या मनाची कल्पना नव्हे. १७७६ साली ॲडम स्मिथनेच लिहून ठेवले आहे की आपल्या काळातील मजुराला तागाच्या सदऱ्याशिवाय चारचौघांत यायला लाज वाटेल, म्हणून तो सदरा जीवनावश्यकच मानला पाहिजे. लाजेविना वावरता येणे ही गरज आहे, आणि ती मुलांनाही असते. किंबहुना अधिकच असते.

आता वेष्टनाचा मुद्दा. जुनी वस्तू कागदात गुंडाळून देणे म्हणजे तिचे जुनेपण लपवणे, असा आक्षेप घेतला जातो. लपवण्यासाठी गुंडाळले तर तो बरोबर आहे. वस्तू वापरलेली आहे, दुरुस्त केलेली आहे, हे मोकळेपणाने सांगावे. मुलांना खरे सांगितलेले आवडते. परंतु वेष्टनाचे काम वेगळेच आहे. गाठ सोडण्यापूर्वीचा जो क्षण असतो तो मुलाच्या मालकीचा असतो. आत काय आहे ते कोणासमोर उघडायचे आणि कोणासमोर नाही, हे त्याला ठरवता येते. आपल्या घरातील मुलाला वाढदिवशी जो क्षण आपण देतो, तोच ढिगातून खेचून हातात कोंबलेल्या वस्तूबरोबर दुसऱ्याच्या मुलाकडून आपण काढून घेतो. समतेची भाषा करणाऱ्यांना हा भेद खुपला पाहिजे.

त्यासाठी बाजारातील चमकी कागद मुळीच लागत नाही. प्लास्टिकचा किंवा धातूचा थर दिलेला तो कागद रद्दीतही जात नाही. जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरची कोरी बाजू, खाकी कागद, वर्तमानपत्र आणि सुती दोरा एवढे पुरे आहे. त्याहून चांगला म्हणजे जुन्या सुती साडीचा चौकोनी तुकडा. आपल्याकडे पोथ्या रुमालात बांधत, पेशव्यांच्या दप्तराचे कागदही रुमालांतच राहिले. मोलाची वस्तू कापडात बांधावी, हा आपल्याच मातीतील संस्कार आहे. आणि ते कापड पुढे भाकरी बांधायला कामी येते. वर चिठ्ठी लावायची असेल तर मुलाच्या नावाची लावावी, देणाऱ्याच्या किंवा संघटनेच्या नव्हे.

मात्र बांधून आणलेले पुडके मुलाची निवड हिरावून घेते, ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय असा की क्रम उलटा करावा. वस्तू धुऊन, दुरुस्त करून आधी मांडून ठेवाव्यात. मुलांनी त्या हाताळाव्यात, नको ते नाकारावे, हवे ते निवडावे, आणि मग त्यांच्यासमोर ते बांधून द्यावे. याहून एक पाऊल पुढे जाता येईल. बांधण्याचे काम मुलांकडेच सोपवावे, आणि प्रत्येकाला स्वतःखेरीज आपल्या धाकट्या भावंडासाठी किंवा मैत्रिणीसाठी एक वस्तू निवडू द्यावी. असे केले की घेणारा मुलगा त्याच बैठकीत देणाराही होतो. मॉसने सांगितलेला परतफेडीचा पेच इथे सुटतो, कारण परतफेड आपल्याकडे न येता पुढच्या मुलाकडे जाते. मला तर वाटते, या साऱ्या खटाटोपात सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

काय देऊ नये, हेही स्पष्ट असावे. तुकडे हरवलेली कोडी आणि हात तुटलेली बाहुली दुरुस्त होत नसेल तर ती भंगारवाल्याची आहे, मुलाची नव्हे. रंग उडालेली जुनी रंगीत खेळणी विशेष धोक्याची. घरगुती रंगांतील शिशाच्या प्रमाणावर आपल्याकडे कडक मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, आणि खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. त्याआधीची खेळणी पारखूनच घ्यावीत. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या आणि तोंडात जाण्याजोगे सुटे भाग लहानग्यांच्या जिवावर बेततात. कसोटी साधी आहे : हीच वस्तू आपल्या बहिणीच्या मुलाला आपण देऊ का? उत्तर नाही असेल तर ती कोणाच्याच मुलाला देऊ नये.

आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा विवेक : जे हक्काचे आहे ते भेट म्हणून गुंडाळू नये. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. खर्च परवडत नाही म्हणून सहा ते चौदा वयाच्या कोणत्याही मुलाचे प्राथमिक शिक्षण अडू नये, असे त्याचे तिसरे कलम सांगते. अशा मुलाला पाठ्यपुस्तक वा गणवेश मिळाला नसेल, तर आपले काम जुना संच गोळा करून शाळेची चूक झाकण्याचे नसून पालकांसह मुख्याध्यापकांच्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात जाण्याचे आहे. तोवर मुलाने कोऱ्या हाताने बसू नये म्हणून पुस्तक जरूर द्यावे, पण ते मागणीचा अर्ज सोबत घेऊन. खेळ हाही हक्कच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे एकतिसावे कलम तो मान्य करते, आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे.

या हक्काला संस्थेचे रूपही देता येते. जागतिक मंदीच्या काळात, १९३५ साली, लॉस एंजेलिसमध्ये मुलांना खेळणी घरी नेऊ देणारा एक उपक्रम सुरू झाला. ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तसे खेळणे न्यायचे आणि परत आणायचे. आपल्या शाखांच्या खोल्यांत, वाचनालयांत, अंगणवाडीताईंच्या सहकार्याने हे करायला फार भांडवल लागत नाही. एक कपाट, एक नोंदवही, आठवड्यातून दोन संध्याकाळ आणि दुरुस्तीची कला जाणणारे दोन हात लागतात. तिथे खेळणे कोणी दिले हे कोणी विचारत नाही. ते सर्वांचे असते, म्हणून जुने असूनही कोणाचे उतरलेले नसते.

तेव्हा यंदा माळे उपसताना कार्यकर्त्यांनी प्रथम फलक छापायला देऊ नये. प्रथम सुई, दोरा, डिंक आणि साबण गोळा करावा, वस्तीतील दोनचार आयांना बोलावून कोणत्या मुलाला काय हवे ते विचारावे, आणि छायाचित्रकाराला घरी राहू द्यावे. एवढे जमले तर जे उरेल त्याला भेट म्हणता येईल.