आपलं गाणं, आपलं तिकीट

सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक उभं केलं, ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयावर. १८५१ मध्ये राजेसाहेब गेले आणि आधार तुटला. भाव्यांनी मंडळी गोळा केली, सामान बांधलं आणि गावोगाव फिरायला सुरुवात केली. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. स्वतःची गाणी करणारा स्वतंत्र बँड आज करतो ते याहून वेगळं काय?

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांचंही तसंच. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. शब्द स्वतःचे, बोली स्वतःची, श्रोते गिरणगावातले कामगार. मोठं होण्यासाठी त्यांनी आपली भाषा सोडली नाही.

लिस्बनमध्ये १९७८ च्या अखेरीस जमलेल्या ‘शुतुश इ पोंतापेश’ या रॉक बँडनंही पोर्तुगीजच धरली आणि दशकानुदशकं देश त्यांच्यासोबत गात राहिला.

मग सातारा-सांगलीच्या गिटारवाल्या पोरांनी वरातीत दुसऱ्यांचीच गाणी का वाजवायची? मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान रास्तच आहे. पण वाद्य घडवणाऱ्या मुलखात नवं गाणंही घडायला हवं, आणि त्यासाठी जागा लागते. साताऱ्याचं शाहू कलामंदिर आणि सांगलीचं भावे नाट्यमंदिर महिन्यातून एक संध्याकाळ या पोरांच्या बँडना कमी भाड्यात द्यावं. अट एकच: गाणी स्वतःची. आणि रसिकांनी फुकट पास न मागता खिडकीवर तिकीट काढावं.