मोतीहारीचा एक साधा बंगला

‘बंगला’ म्हटले की आपल्या मनश्चक्षूंपुढे बाग, मोटार आणि फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी उभी राहते. आपल्या भाषेत हा शब्द ऐश्वर्यवाचक होऊन बसला आहे. वस्तुतः त्याचे मूळ गरिबाघरचे. बंगालमधील शेतकरी बांबू, माती आणि गवत यांची जी झोपडी बांधीत, ती ‘बंगला’. तिचे आढे मध्ये उंच व दोन्ही टोकांस धनुष्यासारखे वाकलेले असे, म्हणजे धो धो पावसाचे पाणी थांबत नसे. मोगलांना हा आकार एवढा भावला की शाहजहानने आग्र्याच्या किल्ल्यात खासमहालाच्या दोन्ही बाजूंस तो संगमरवरात उतरविला. कंपनीच्या इंग्रजांनी मात्र त्यातील सौंदर्यापेक्षा सोय उचलली आणि झोपडीला उंच जोते, विटांच्या भिंती व व्हरांडा जोडून आपले बिऱ्हाड थाटले.

अशाच एका बेताच्या बंगल्याविषयी आज लिहावयाचे आहे. बिहारमधील चंपारण भागात मोतीहारी गावी तो आहे. एकमजली, कौलारू, कोणत्याही नक्षीकामावाचून बांधलेला. याच घरी २५ जून १९०३ रोजी एरिक आर्थर ब्लेअर या बालकाचा जन्म झाला. पुढे जॉर्ज ऑर्वेल या नावाने त्याने ‘ॲनिमल फार्म’ (१९४५) आणि ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) लिहिल्या, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

त्याचे वडील रिचर्ड ब्लेअर सरकारच्या अफू खात्यात नोकरीस होते. १८७५ साली लागले आणि अठ्ठावीस वर्षांनंतरही उपदुय्यम एजंटाच्याच पायरीवर राहिले. घर साधे, ते त्यामुळेच. अफूवर साम्राज्याची तिजोरी भरत असे. पण ती पिकवून घेणाऱ्या कारकुनी साहेबाच्या वाट्यास कौलारू छप्परच येई. शेतकऱ्याच्या वाट्यास काय येत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. सरकार त्याला अगाऊ रक्कम देई, आणि मग सारा चीक सरकारलाच, सरकारने ठरविलेल्या दराने द्यावा लागे. तो पाटण्याच्या कारखान्यात जाई, कलकत्त्यास पेट्यांचा लिलाव होई आणि माल मुख्यतः चीनला रवाना होई.

आपण माळव्यातील मंडळींनी या कथेकडे परकी म्हणून पाहू नये. होळकर-शिंद्यांच्या मुलुखातील अफू मुंबई बंदरातून त्याच चीनकडे जात होती, आणि तिच्यावर इंग्रज परवान्याचा कर घेत होते. इंदूर ही तिची मोठी पेठ होती. मंदसौर-नीमच भागात परवान्याची खसखस-शेती अद्यापही चालते.

आता थोडे बांधणीविषयी. आपला वाडा आत पाहतो. चौक मध्ये, ओसऱ्या चौकाभोवती, आणि रस्त्याकडे शक्य तितकी भिंतच. बंगल्याचे नेमके उलट. तो आवाराच्या मध्यभागी एकटा उभा असतो, व्हरांडा बाहेरच्या बाजूस, स्वयंपाकघर धुरासकट वेगळे आणि नोकरांच्या खोल्या त्याहून दूर. उंच छतामुळे उष्ण हवा वर जाते, आणि व्हरांड्यामुळे ऊन भिंतीपर्यंत पोचत नाही. उन्हाळ्यावरचा हा तोडगा उत्तम, हे मान्य केलेच पाहिजे. आजच्या काँक्रीटच्या पेटाऱ्यात पंख्याखाली घामाघूम होणाऱ्यांनी तर अवश्य. परंतु व्हरांडा ही नुसती सावली नव्हती. रयतेने कोठवर यावयाचे, ती मर्यादाही तोच होता. कामाकरिता आलेला शेतकरी तेथेच उभा राही.

१९०४ साली आई मुलांना घेऊन विलायतेस गेली. वडील १९१२ पर्यंत इकडेच नोकरीत होते. ऑर्वेल पुढे ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून आला (१९२२ ते १९२७), पण मोतीहारीस परतला नाही. त्या वर्षभराच्या बाळास घर आठवणेही शक्य नव्हते. म्हणून काही जण विचारतात, ज्याला या गावाची ओळख नाही त्याचे स्मारक कशाला? शिवाय याच मोतीहारीच्या न्यायालयात १८ एप्रिल १९१७ रोजी गांधीजी उभे राहिले. विघ्यातील वीसपैकी तीन कठ्ठे जमिनीत नीळ पिकविण्याची सक्ती होती, तिच्या चौकशीसाठी ते आले होते. गावाला गांधीजी जवळचे वाटावेत, हे साहजिक आहे.

तरीही हे घर राखावे, असे माझे मत आहे, आणि केवळ लेखकाच्या थोरवीसाठी नव्हे. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात त्याची मोठी पडझड झाली, आणि पुढे कित्येक वर्षे ते दुर्लक्षित पडले. नंतर बिहार शासनाने त्यास संरक्षण दिले, डागडुजीही केली. परंतु जवळच अफूचे कोठारही होते. पाळण्याची खोली रंगवून दाखवावयाची आणि कोठाराचा उल्लेख टाळावयाचा, असे होऊ नये. निळीच्या शेतकऱ्याची हकिगत आपण शाळेत शिकवितो. अफूच्या शेतकऱ्याची हकिगत सांगावयास त्या आवारासारखी दुसरी जागा नाही.