त्या पत्राला उत्तर कोण देणार?

आज राष्ट्रीय विज्ञान दिन. रामन परिणामाचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ चा. त्याची आठवण म्हणून शाळाशाळांत प्रदर्शने भरतील, पुठ्ठ्याचे ज्वालामुखी फसफसतील, पाहुण्यांना श्रीफळ मिळेल. जीवशास्त्राचा सूक्ष्मदर्शक मात्र बऱ्याच ठिकाणी कपाटात कुलूपबंदच राहील. मुलांच्या हातून मोडला तर भरून कोण देणार?

मोडला तरी हळहळ वाटू नये असा सूक्ष्मदर्शक करणारा माणूस मूळचा मेरठचा. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या आणि पुढे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पोहोचलेल्या मनू प्रकाश यांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये ‘फोल्डस्कोप’ मांडला. घडी घातलेला जाड कागद, त्यात इवलेसे भिंग. सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत. कौतुक झाले ते स्वस्ताईचे. आम्हाला त्याहून मोलाचे वाटते ते प्रकाश यांनी पुढे केले ते. शंभराहून अधिक देशांतल्या हौशी मंडळींना त्यांनी ही उपकरणे पाठवली आणि काय दिसले ते कळवायला सांगितले. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही २०१५ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेशी करार केला. कॅलिफोर्नियात तर दोघा हौशी तंत्रज्ञांनी डीएनएच्या प्रती काढणारे पीसीआर यंत्र सहाशे डॉलरच्या आत बसवले आणि त्याचे आराखडे सगळ्यांना खुले केले.

अर्थात कागदी भिंगाखाली काही दिसले म्हणून हिवतापाचे निदान होत नाही. त्याला प्रशिक्षित नजर आणि खातरजमा लागतेच. म्हणूनच हौशी माणसाला शास्त्रज्ञ हवा. ही गरज जुनीच आहे.

डेल्फ्टचा कापडव्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहूक याला लॅटिन येत नव्हते. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांविषयी १६७६ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला लांबलचक पत्र लिहिले, तेही डच भाषेत. सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग यांनी ते इंग्रजीत आणून छापले. सभासदांना शंका होत्या, रास्तच होत्या. पण पत्र टोपलीत गेले नाही. सोसायटीच्याच रॉबर्ट हूकने १६७७ मध्ये स्वतः प्रयोग करून ते जीव पाहिले, आणि १६८० मध्ये हा कापडव्यापारी रॉयल सोसायटीचा सभासद झाला. भिंगाचे श्रेय लेव्हेनहूकचे. अनुवादाची आणि पडताळणीची खटपट दुसऱ्यांनी केली, ती सहसा कोणी सांगत नाही.

आपल्याकडे अशी खटपट अगदीच होत नाही असे नाही. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ‘क्यूब’ उपक्रमात विद्यार्थी साध्या बाटल्यांत फळमाश्या पाळतात, गांडुळांवर, हायड्रावर प्रयोग करतात आणि आपली निरीक्षणे जाणकारांपुढे मांडतात. पिकलेले केळे आणि कापसाचा बोळा, एवढ्यावर सुरुवात होते. उपकरणाला फारसा पैसा लागत नाही. लागतो तो ऐकणाऱ्याचा वेळ. नेमका तोच बढतीच्या गुणांत फारसा मोजला जात नाही.

राज्यातल्या विद्यापीठांनी यंदा एवढे करावे. जीवशास्त्राच्या प्रत्येक विभागात एका प्राध्यापकाला हौशी मंडळींच्या पत्रांना उत्तरे देण्यासाठी आठवड्याचा एक तास द्यावा, तोही कामाच्या तासांत धरून. एखाद्या गावातली मुलगी विहिरीच्या पाण्याच्या थेंबाचा फोटो पाठवील, मराठीतच विचारील की हे गोल गोल काय आहे. बहुतेक वेळा तो हवेचा बुडबुडा असेल. तेही तिला कळवावे, आणि बुडबुडा ओळखायचा कसा, ते दोन ओळींत लिहावे.