आईच्या फोनमधला ‘व्हायरस’

मागच्या रविवारी सकाळी निपाणीहून आईचा फोन आला. “अगं, माझ्या मोबाइलमध्ये व्हायरस शिरलाय. सारखं लाल अक्षरांत येतंय, लगेच साफ करा म्हणून. दाबू का?” इकडे यशवंतपूरच्या खोलीत मी चहा गाळत होते. “आई, काहीही दाबू नकोस!” एवढंच आधी ओरडले.

व्हायरस नव्हताच. रेसिपी शोधताना एका साइटने नोटिफिकेशनची परवानगी मागितली आणि आईने पुढचं वाचायच्या घाईत ‘अलाऊ’ दाबलं. तेव्हापासून त्या साइटच्या जाहिराती व्हायरसचा वेश घेऊन येत होत्या. तुमच्याही घरी असं होत असेल, तर एवढं करून बघा.

१. नोटिफिकेशन बंद करा : क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, मग सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसते. अनोळखी नाव दिसलं की ब्लॉक करा.

२. सेफ ब्राउझिंग : सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘एन्हान्स्ड प्रोटेक्शन’ निवडा. धोकादायक साइट उघडण्याआधी इशारा मिळण्याची शक्यता वाढते. मात्र यात तुम्ही उघडलेल्या साइट्सची जास्त माहिती गूगलकडे जाते, हे लक्षात ठेवा.

३. कुलपावर विसंबू नका : पत्त्याशेजारचं कुलूप म्हणजे साइट खरी, असं नाही. बनावट साइटलाही ते मिळतं. म्हणून तर क्रोमने 2023मध्ये ते चिन्हच बदललं. त्यापेक्षा पत्ता वाचा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. बँकेची साइट उघडताना पहिल्या तिरक्या रेघेआधी हाच शेवट आहे ना, ते बघा.

४. ॲड-ऑन मोजकेच : जाहिराती अडवायला फायरफॉक्सवर ‘यूब्लॉक ओरिजिन’ चांगलं आहे. ते अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवरही चालतं. कॉम्प्युटरच्या क्रोमसाठी त्याचंच ‘लाइट’ रूप आहे. मोबाइलच्या क्रोममध्ये मात्र ॲड-ऑन टाकता येत नाहीत. ‘सगळ्या साइट्सवरचा डेटा वाचू द्या’ असं एखादं ॲड-ऑन म्हणालं, तर त्याला ते खरंच कशाला हवंय, हा विचार करा. वापरत नसाल ते काढून टाका.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आणि हो, आई-बाबांवर चिडू नका. त्या दिवशी मी ओरडले, तेव्हा आई क्षणभर गप्पच झाली. मला वाटलं, पुढच्या वेळी ही विचारायचीच नाही, गुपचूप दाबून मोकळी होईल. म्हणून संध्याकाळी पुन्हा फोन केला आणि सांगितलं, “आई, दाबायच्या आधी विचारलंस ना, ते फार बरं केलंस.”