विश्लेषण : सात वाजता भोंगा वाजला, तरी घरचे लोक गाडीतच असतील!

सांगली जिल्ह्यातील एका गावाने रोज संध्याकाळी दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवून दाखवले. त्या बातमीचा व्हिडीओ अजूनही फॅमिली ग्रुपवर फिरतो आणि खाली कुणीतरी हमखास लिहिते, ‘आपल्याकडे पण हे व्हायला पाहिजे.’ व्हायला पाहिजे, हे खरेच. पण उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये, लालचक्कीच्या आसपासच्या एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीत ते कसे व्हावे?

वडगावात नेमके काय झाले?

कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे ३ हजार वस्तीचे गाव. करोनाकाळात शाळा मोबाइलवर आली, मुलांच्या हाती फोन आला आणि शाळा सुरू झाल्यावरही तो सुटेना, ही तिथल्या शिक्षकांची आणि पालकांची तक्रार होती. सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून गावात नवा रिवाज सुरू झाला. संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि मोबाइल, टीव्ही बंद होतात. साडेआठला तो पुन्हा वाजतो, मग ज्याला हवे त्याने सुरू करावे. सुरुवातीला लोक हसले. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी गेले, समजावत राहिले. हळूहळू मुले त्या वेळात अभ्यासाला बसू लागली आणि मोठी माणसे एकमेकांशी बोलू लागली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या बान्सी गावानेही ठराव केला. तो मात्र १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा होता. दोन्ही गावांची बातमी एकाच सुरात छापली गेली, पण दोन्ही उपाय एकाच जातीचे नाहीत. बान्सीचा नियम मुलांवर होता. वडगावचा नियम आजोबांवर, सासूबाईंच्या मालिकेवर आणि बापाच्या क्रिकेटवरही होता. माझ्या मते वडगावचे यश भोंग्यात नव्हते, या समानतेत होते.

भोंग्याचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा. घरात फोन हिसकावून घेणारी व्यक्ती बहुतेक वेळा आई असते आणि वाईटही तीच ठरते. भोंगा वाजला की वाईटपणा कुणाच्याच वाट्याला येत नाही.

हे कॅम्प ४ मध्ये का जमणार नाही?

पहिली अडचण घड्याळाची. विठ्ठलवाडी ते सीएसएमटी हे अंतर ५० किलोमीटरहून अधिक. अंबरनाथ, बदलापूर त्याच्याही पुढे. सहाला कार्यालय सुटलेला माणूस सात वाजता गाडीत एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हातात फोन घेऊन उभा असतो. घरी त्या वेळी आई स्वयंपाकाला लागलेली असते आणि लहान मूल पायात येऊ नये म्हणून फोन त्याच्या हाती गेलेला असतो. तिला दोष देणाऱ्याने आधी ती पोळी लाटून पाहावी.

दुसरी अडचण जागेची. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकी मिळाल्या आणि १९४९ मध्ये या वस्तीला उल्हासनगर नाव मिळाले. तेव्हापासून इथली घरे खोलीत खोली काढत वाढली आहेत. मराठी कुटुंबांच्या चाळींची कथा वेगळी नाही. एका खोलीत एकाने रील लावली की ती सगळ्यांनीच ऐकायची. मग दहावीतली मुलगी कानात हेडफोन घालते आणि तिच्या फोनवर अभ्यास चालला आहे की आणखी काही, हे कुणालाच कळत नाही. चार माणसे एकाच चटईवर बसलेली असतात, पण चार दिशांना तोंड करून.

तिसरी अडचण पोटाची. दुकानाचा क्यूआर कोड, जीन्सच्या कारखानदाराचा ‘उद्या इतके पीस’ हा निरोप, रिक्षावाल्याचे भाडे, सगळे त्या एकाच फोनवर येते. इथे ‘फोन बंद’ म्हणजे गल्ला बंद. शाळाही मागे नाही. गृहपाठ रात्री आठला व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा आणि पालकसभेत मोबाइलच्या दुष्परिणामांवर बोलायचे, हे दोन्ही एकच शाळा करते.

भोंगाही शहरात चालणार नाही. आवाजाच्या त्रासात आपण आधीच बुडालेलो आहोत, त्यात आणखी एकाची भर नको.

मग मुलांना किती वेळ द्यायचा?

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्ला असा : दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, नातेवाइकांचा व्हिडीओ कॉल तेवढा अपवाद. दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये लहान मुलांसाठी असाच सल्ला दिला होता. आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत, पाळायला कठीण.

कारण समोरची वस्तू बदलली आहे. मालिका अर्ध्या तासाने संपायची, वर्तमानपत्राला शेवटचे पान असायचे. रीलला शेवट नाही. अंगठा सरकला की पुढची हजर. ‘असर २०२४’ या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारे ५७ टक्के होते, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. ही गावांची स्थिती. शहरात ती बरी असेल, असे मानायला मला कारण दिसत नाही.

सरकार काही करणार नाही का?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यम खात्यांवर बंदी आणली आणि जबाबदारी कंपन्यांवर टाकली. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे. पण ज्या घरात फोन एकच आणि तो आईच्या नावावर, तिथे संमती विचारणार कुणाला? फोन तर आधीच ‘आई’ झालेला असतो.

आपल्याकडे सात नाही, तर किती वाजता?

उल्हासनगरच्या बहुतेक वस्त्यांत एक वेळ अशी आहे जी भोंग्याशिवाय सगळ्यांना ठाऊक असते : पाणी यायची वेळ. ती कुणी विसरत नाही, कारण चुकली तर अख्ख्या घराचे अडते. घराने ठरवलेली वेळही अशीच, आपल्या घरच्या सोयीची हवी. बाप साडेआठला घरी येत असेल तर नऊ ते पावणेदहा. दुकान दहाला बंद होत असेल तर जेवणाची तेवढी वीस मिनिटे. रात्रपाळी असेल तर सकाळचा चहा. दीड तासाचा हट्ट नको.

त्या वेळात फोन पूर्ण बंद करायचीही गरज नाही. इंटरनेट बंद, रिंग चालू. गावाकडून आजारपणाचा फोन आला तर घेता येतो, मालकाचाही घेता येतो. फक्त फोन हातात नको, फळीवर हवा. आणि पहिला फोन त्या फळीवर जायचा तो घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाचा. मालिकेची वेळ आजीला विचारून, ती सोडून ठरवावी. तिच्या दिवसात तेवढीच करमणूक असते, तिच्यावर नियमाची सुरुवात करणे अन्यायाचे आहे.

रिकाम्या हातांचे काय, हा प्रश्न उरतोच. मुले पहिले चार दिवस कंटाळतील, भांडतील. त्यांना व्हीटीसी मैदानावर पाठवायचे तर संध्याकाळी उजेड असेपर्यंतच. चाळीत गणपतीचे मंडळ असते, वर्गणी काढणारी पोरे असतात, कॅरम असतो. तो दहा दिवसांनंतर माळ्यावर का जातो? मंडळाने तो वर्षभर खाली ठेवला, शाळेने गृहपाठ सहाच्या आत पाठवला, तर आयांचे निम्मे काम होईल. यासाठी ठराव लागत नाही, निधीही लागत नाही. येत्या पालकसभेत हात वर करून एवढे एकच विचारता येईल : बाई, गृहपाठ मुलांच्या वहीत का लिहून देत नाही?