जुनी रायफल आणि आपली सही

स्मरणिकेसाठी एखाद्या वैद्यकीय विषयावर लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. मधुमेह, रक्तदाब यांवर अधिकारवाणीने लिहिणारे सहकारी आपल्यात आहेत. मी मात्र एका जुन्या रायफलीविषयी लिहिणार आहे. विषय विचित्र वाटेल. परंतु तो शेवटी आपल्या टेबलावरच येऊन पोहोचतो. वाचकांनी तोवर थोडा धीर धरावा.

काही वर्षांपूर्वी मी अमेरिकेत, टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे मुलाकडे दोन महिने होतो. त्याच्या शेजाऱ्यास आपली वापरलेली लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल विकावयाची होती. विंचेस्टर कंपनीचे हे 1894 चे मॉडेल. जॉन ब्राउनिंग या अभियंत्याने त्याची रचना केली. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून वर घेतली की रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे आत सरकते आणि घोडाही चढतो. जुन्या इंग्रजी चित्रपटांतील घोडेस्वारांच्या हाती आपण ती पाहिलेली आहे. मुलास हौस होती, सूनबाई नाखूश होत्या आणि घरात सहा वर्षांचा नातू. "बाबा, तुम्ही बरोबर चला, पाहा आणि मग सांगा," असे मुलगा म्हणाला.

तेथील केंद्रीय कायद्यानुसार पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसास, शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद नसेल तर, बंदूक बाळगता येत नाही. त्यामुळे नेमबाजीच्या मैदानावर मी केवळ प्रेक्षक होतो. मुलगा तेथील नागरिक असल्याने बार त्याने काढले.

त्या शेजाऱ्याने रायफलीची जी तपासणी करून दाखविली, ती पाहून मला आपले बाह्यरुग्ण विभागातील शिक्षक आठवले. प्रथम कडी उघडून नळी रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटानेही खात्री केली. मग नळीत उजेड पाडून गंज आणि खड्डे पाहिले. घोडा अर्धवट चढवून तो त्या खाचेत पक्का अडकतो की नाही, हे तपासले. कारण जुन्या मॉडेलांत सुरक्षेची भिस्त त्या खाचेवरच असते. काडतुसे नळीखालच्या कोठीत एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकते. म्हणून टोकदार गोळी तेथे चालत नाही, धक्क्याने पुढचे काडतूस उडू शकते. एवढे झाल्यावरही पहिल्या वेळी त्याने एकच काडतूस भरू दिले.

बार झाला. कानांवर आवरण असूनही छातीत धक्का जाणवला. अशा रायफलीचा आवाज 140 डेसिबलच्या वर जातो. अंतःकर्णातील केसपेशी एकदा मेल्या की मनुष्यात पुन्हा उगवत नाहीत. उघड्या कानाने ऐकलेला एक बारही कायमचे नुकसान करू शकतो. लग्नाच्या वरातीत हौसेने बार काढणाऱ्यांना हे आपण सांगावयास हवे.

असो. पाच बार झाले, सौदा ठरण्याच्या बेतात आला. रायफलीचा पूर्वेतिहास, तपासणी, चाचणी सर्व यथासांग झाले होते. घेणाऱ्यास मात्र कोणी काहीच विचारले नव्हते. त्या राज्यात दोन रहिवाशांमधील अशा खासगी विक्रीस कोणताही कागद लागत नाही. माझ्या मुलाच्या कंपनीत त्या काळी नोकरकपात चालू होती. तीन महिने त्यास धड झोप नाही, हे सूनबाईंनी मला आदल्याच आठवड्यात सांगितले होते. मी डॉक्टर, शिवाय बाप. आणि मैदानावर उभा राहून नळीतला गंज पाहत होतो!

त्या रात्री मी त्यास सरळ विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला, मग बोलला. रायफल घेतली नाही. आठवडाभराने तो डॉक्टरकडे गेला. आज तो बरा आहे.

डॉक्टर मित्रांनो, परतीच्या विमानात मला माझ्या स्वतःच्या सह्या आठवल्या. आपल्याकडे कायदा याबाबतीत अधिक शहाणा आहे. शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 14 नुसार मानसिक स्थिती ठीक नसलेल्यास परवाना नाकारला जातो. शस्त्र नियम, 2016 नुसार अर्जासोबत शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. हे प्रमाणपत्र आपण देतो. ओळखीचा संत्रा बागायतदार येतो, रानडुकरांनी बाग उद्ध्वस्त केल्याचे सांगतो, चहा होतो, सही होते. रक्तदाब पाहिला जातो. झोप, दारू, घरातील कलह यांविषयी प्रश्न नाही. मीही असेच केले आहे. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. तेवढ्या काळात माणसाच्या आयुष्यात काय काय घडते, हे आपण रोज पाहतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत जखमी झालेल्यांना टाके घालून आपले हात थकतात. कीटकनाशक प्यालेला शेतकरी येतो, तेव्हा पोट धुण्यास, अ‍ॅट्रोपिन देण्यास, नागपूरला पाठविण्यास निदान काही वेळ मिळतो. त्यातले कित्येक वाचतात आणि पुढे आयुष्यभर आपल्याला नमस्कार करतात. बंदूक तो वेळ देत नाही. बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नांत दहापैकी जवळपास नऊ जण दगावतात. अमेरिकेतील बंदुकीच्या बळींत निम्म्याहून अधिक आत्महत्याच असतात.

2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. परवान्यांच्या अर्जांसाठी आता छिंदवाड्याकडे पाहावयाचे कारण उरले नाही. कागद येथेच येणार. म्हणून आपल्या संस्थेने काही गोष्टी ठरवाव्यात, असे मला वाटते. अर्जदारास प्रत्यक्ष तपासल्याशिवाय सही करू नये. दृष्टी, हाताचा कंप, मिरगी, मद्यपान, झोप आणि मरणाचे विचार यांविषयी प्रत्येकास विचारावे. घरातील एका व्यक्तीशी वेगळे बोलावे. शंका असल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, त्यात कोणास अपमान वाटत नाही. मग घरात कोणी खचलेले असेल तेव्हा तीच बंदूक काही महिने परवानाधारक विक्रेत्याकडे अथवा ठाण्यात ठेवण्याचा सल्ला आपण का देऊ नये?

नाही म्हणणे अवघड आहे, हे मी जाणतो. लहान गावात अर्जदार हा आपला रुग्ण, शेजारी, कधी सोयराही असतो. तथापि एका अनोळखी शेजाऱ्याने जुन्या लोखंडास अर्धा तास दिला होता. आपल्या माणसास आपण तेवढा वेळ द्यावा, एवढीच विनंती.